वांग्याचं इंग्रजी

बऱ्हाणपूरला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या नाशकातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. ते नेमकं कुठे आलं, आणि तिथे कशाला गेला होतात? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. भुसावळ सोडायचं, रावेर सोडायचं, आणि जिथे सरकारी पाट्या हिंदी होतात पण फलाटावरचा चहावाला मराठीतच भांडतो, तिथे उतरायचं. दुसऱ्याचं उत्तर असं की मला भाजीपाल्याचं इंग्रजी शिकवायला बोलावलं होतं. हे ऐकल्यावर लोक माझ्याकडे काळजीने बघतात, म्हणून सगळं सविस्तर लिहून टाकते.

बोलावणारी माझी मावसबहीण सुधा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्न होऊन बऱ्हाणपूरला गेली आणि तिथलीच झाली. घर लालबागला, स्टेशनपासून इतकं जवळ की गाडी आली की कपबशा हलतात. तिचे यजमान रमेशराव एका शाळेच्या ऑफिसातून रिटायर झालेले, आणि फोपनारला त्यांच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे नानांकडे, केळीचा मळा. एकुलता एक मुलगा निखिल मेलबर्नला नोकरी करतो. त्याने तिथलीच टेसा नावाची मुलगी पसंत केली होती आणि डिसेंबरात ती आई-वडिलांना घेऊन सासर बघायला येणार होती.

"ताई, तू एकतीस वर्षं इंग्रजी शिकवली ना?" सुधा फोनवर म्हणाली. "मंग मले तीन दिवसांत शिकव."

एकतीस वर्षांत जे चाळीस-चाळीस पोरांना जमलं नाही ते तीन दिवसांत कसं होणार, हा प्रश्न मी विचारला नाही. पेन्शनीत माणसाला कोणी बोलावलं की जावं.

रविवार ते मंगळवार, लालबाग

पहिल्या दुपारी मेथी निवडता निवडता सुधाने खरं काय ते सांगितलं. तिला गप्पा मारायच्या नव्हत्या. तिला टेसाच्या आईला एकच गोष्ट सांगायची होती.

"निखिल आजारी पडला की सांगत नाही, ताई. लहानपणापासून तसाच. तोंड फिरवून झोपून राह्यतो. तिकडं त्याले टायफॉइड झाला तं आम्हाले तीन महिन्यांनी समजलं. तेबी त्याच्या दोस्ताच्या तोंडून. आता तिची आई तिथं वीस मिनिटांवर राह्यते म्हणे. तिले सांगायचंय का माझ्या पोरावर ध्यान ठेव, तो स्वतःहून बोलनार नाही."

"मग मी सांगते की. त्यासाठी तुला कशाला शिकायला हवं?"

"तू सांगशील तं ते तुझं बोलनं होईल. अन् निखिलले सांगायले लावलं तं संपलंच. मी अर्धा तास बोलते अन् तो दोन शब्दांत आटपतो. मधातच गाळून टाकतो सगळं. आईचं बोलनं आईनंच बोललं पाह्यजे."

मी चष्मा पुसला आणि शिकवायला बसले.

सुधा बारावी आहे, पण हिंदी माध्यमातली. अक्षरं ओळखते, वाचते, फक्त तोंडातून काही फुटत नाही. मी आधी तिला तिच्या मनातलं वाक्यच द्यायचा प्रयत्न केला. 'काइंडली टेक केअर ऑफ माय सन्स हेल्थ.' ती 'काइंडली'लाच अडकली, आणि अडकली की डोळ्यांत पाणी. तेव्हा मी मास्तरकीचा जुना उपाय काढला: जे हातात येतं त्याचं नाव आधी. स्वयंपाकघरात तिच्याइतकी निर्भय बाई मी पाहिलेली नाही. त्यामुळे टोपली पुढ्यात ओढली. वांगं, ब्रिंजल. भेंडी, लेडीज फिंगर. दही, कर्ड. शेंगदाणे, ग्राउंडनट. कोथिंबीर, कोरिएंडर. ढोबळी मिरची, कॅप्सिकम.

ती घोकत राहिली. पोळ्या लाटताना ब्रिंजल, तुळशीला पाणी घालताना लेडीज फिंगर. रमेशराव पेपराआडून म्हणाले, "ताई, तुम्ही आल्यापासून मले चहासुद्धा इंग्रजीत मिळून राह्यला, मतलब उशिरा." मंगळवारी संध्याकाळी मी परीक्षा घेतली. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. मी स्वतःवरच इतकी खूश झाले की पाठीवर थाप मारायला हात मागे पोचत नाही याचं वाईट वाटलं.

बुधवार, लालबाग

निखिल पाहुण्यांना घेऊन आला. माणसं लाख होती, हे आधी सांगते, कारण पुढे मी त्यांची टिंगल करणार आहे. टेसाचे वडील ग्रॅहम हे इंग्लंडातल्या यॉर्कशायरचे, उंच, लाल आणि दारात डोकं आपटणारे. आई कॅरल अमेरिकेतल्या ओहायोची, बारीक, नीटनेटकी, कमी बोलणारी. दोघं तरुणपणी ऑस्ट्रेलियात भेटले, तिथेच संसार मांडला, आणि टेसा तिथेच वाढली. म्हणजे एका घरात तीन देश. हे निखिलने आम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण तो गाळण्यात पटाईत, हे आलंच आहे.

पंगत बसली. सुधाने पदर खोचला, भेंडीचं भांडं घेतलं आणि कॅरलपुढे वाकून स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, "लेडीज फिंगर."

कॅरल भांड्याकडे बघत राहिली. तिच्या देशात लेडीफिंगर नावाची स्पंजसारखी गोड बिस्किटं असतात, हे मला नंतर कळलं. ती हिरव्या भाजीत बिस्किटं शोधत होती.

"ओक्रा," ग्रॅहमने तिला समजावलं.

सुधा डगमगली नाही. दुसरं भांडं. "ब्रिंजल."

आता तिघंही बघत राहिले. ग्रॅहमला हा शब्द कुठल्याशा लोणच्याच्या बाटलीवर वाचल्यासारखा वाटला, पण खात्री नव्हती. मग त्याने डावाने ढवळून बघितलं आणि चेहरा उजळला. "ऑबर्जिन."

"एगप्लांट," कॅरल म्हणाली. आवाज हळू होता, पण त्यात बरीच वर्षं होती.

"एगप्लांट," टेसाने आईला साथ दिली, आणि मग मला समजावून सांगितलं की त्यांच्या घरात ही रोजची कुस्ती आहे. बाजाराची यादी कोण लिहितं त्यावरून भांडणं होतात. ऑस्ट्रेलिया हा पंच, आणि वांग्यापुरता सोडला तर हा पंच बहुतेक वेळा वडिलांच्या बाजूने निकाल देतो. बिस्किटाला आई कुकी म्हणते, बाकी घर बिस्किट म्हणतं. बीटरूटला ती नुसतं बीट्स म्हणते. कांद्याच्या पातीला स्कॅलियन म्हणते. दुकानात जाऊन तिच्या शब्दांत मागितलं तर दुकानदार डोळे मिचकावतो, म्हणून तिने हळूहळू ते सोडून दिले.

मला मात्र यात रस नव्हता. माझे पन्नासपैकी अठ्ठेचाळीस डोळ्यांदेखत बुडत होते. एका 'कॅप्सिकम'ने लाज राखली. टेसा आनंदाने ओरडली की हो, कॅप्सिकमच, आणि तिच्या आईवडिलांनी एकाच वेळी दोन वेगवेगळी नावं सांगून तिला चूक ठरवलं. मग सुधाने ताजे तळलेले केळ्याचे वेफर्स आणले. ग्रॅहम त्यांना क्रिस्प्स म्हणाला, कॅरल चिप्स म्हणाली, आणि टेसा म्हणाली की चिप्स बरोबर, पण बटाट्याच्या गरम तळलेल्या कांड्यांनाही चिप्सच म्हणायचं, ज्यांना बाबाही चिप्स म्हणतो आणि आई फ्राइज म्हणते. रमेशराव शांतपणे ऐकत होते. त्यांनी निखिलला विचारलं, "अन् या लोकांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं?"

सुधा हसली नाही. स्वयंपाकघरात तिने मला गाठलं.

"ताई, तू मले कोनत्या देशाची इंग्रजी शिकवली?"

"आपल्या," मी म्हणाले. "पाठ्यपुस्तकातली."

"ते पाठ्यपुस्तक घेऊन कोनी आलंय का जेवायले?"

एकतीस वर्षांत इतकं नेमकं मूल्यमापन कोणत्याही तपासनिसाने केलं नव्हतं. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की ब्रिंजल हा चांगला जुना शब्द आहे, पोर्तुगीजांकडून आलेला, आपण काही अडाणी नाही. ती ऐकत नव्हती. ओट्याला टेकून दिवाणखान्याकडे कान देऊन उभी होती. बाहेर तिघांचं कोथिंबिरीवरून की कशावरून चाललं होतं. मला वाटलं, हिने नाद सोडला. मलाही मनातून रडू आलं, पण मी तिच्याच समोर ते कसं दाखवणार?

गुरुवार, शहर

शाही किल्ला, हमाम, कुंडी भंडारा हे सगळं आम्ही पाहिलं. त्याविषयी माहितीफलकांवर पुष्कळ लिहिलेलं आहे. मी एवढंच सांगेन की कुंडी भंडाऱ्याच्या भुयारी कालव्यात उतरवणाऱ्या लिफ्टमध्ये ग्रॅहमचं डोकं आपटलं, आणि मावा जिलबीच्या दुकानात त्याची पूर्ण भरपाई झाली. ही जिलबी काळपट, जाड, खव्याची. पहिल्यांदा बघणाऱ्याला जळल्यासारखी वाटते. ग्रॅहमने हिचं इंग्रजी नाव विचारलं. मी दूध आटवण्यापासून सुरुवात केली, आणि मी खव्यापर्यंत पोचेतो तो तिसऱ्या जिलबीवर होता. नावावाचून कुणाचंच काही अडलं नाही.

कॅरल दुकानाबाहेर बाकावर बसली होती. सुधा तिच्या शेजारी. दोघी मान हलवून हसत होत्या आणि रस्त्याकडे बघत होत्या. निखिल मध्ये येऊन बसला आणि दोघींचं कामच संपलं.

"मम्मी, काय म्हणायचंय? बोल ना, मी सांगतो."

"काही नाही रे," सुधा म्हणाली. "जिलबी छान आहे म्हन."

त्याने तेवढंच सांगितलं. या एका बाबतीत पोरगं शब्दाचं पक्कं.

शुक्रवार, फोपनार

फोपनारला नानांच्या मळ्यात भरताचा बेत होता. ज्यांनी खानदेशी भरीत खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी: थंडीत मळ्यात जायचं, हिरवी-पांढरी, हातभर वांगी आणायची, आणि कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवून त्यात ती भाजायची. गॅसवर भाजलेल्याला इथे भरीत म्हणत नाहीत. काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. भाजलेली वांगी सोलायची, लाकडाच्या खोल भांड्यात हिरव्या मिरच्यांबरोबर मुसळाने ठेचायची, वर फोडणी, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. बरोबर पुऱ्या आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आमच्या नाशिककडे भरतात लोक दही घालतात. हे मी नानांना सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नातं लक्षात घेऊन विषय बदलला.

केळीच्या बागेत दोन ओळींमधल्या सावलीत पंगत बसली. पानं तिथलीच. भरीत वाढायला सुधा निघाली आणि मी डोळे मिटून घेतले, कारण आता ती पुन्हा ब्रिंजल म्हणणार होती.

ती ग्रॅहमपाशी वाकली. "ऑबर्जिन," ती म्हणाली.

मग त्याच वाढणीने, त्याच डावाने, कॅरलच्या पानात वाढत: "एगप्लांट."

मी डोळे उघडले. सुधा भांड्यांपाशी गेली, कोथिंबिरीची हिरवी चटणी घेऊन आली. ग्रॅहमला म्हणाली, "कोरिएंडर." टेसाला म्हणाली, "कोरिएंडर." कॅरलपाशी गुडघ्यावर बसली, चमच्याच्या टोकाने जराशी वाढली, आणि म्हणाली, "सिलँट्रो." मग वरून कांद्याची पात पेरली. "स्कॅलियन."

एकही चूक नाही. एकाचं नाव दुसऱ्याच्या पानात नाही. मी नंतर विचारलं की हे कधी शिकलीस. ती म्हणाली, "त्यात शिकायचं काय? त्या दिवशी बोलून राह्यले होते ना तिघं. आमच्या घरात नानांले लसूण चालत नाही, यांले गवार चालत नाही, सासूबाईंले चतुर्थीले मीठ चालत नव्हतं. कोनाच्या पानात काय, हे ध्यानात ठेवायचं, बस. याले ऑबर्जिन चालतं, तिले एगप्लांट चालतं."

बघा. मी तिला भाजीचं नाव शिकवत होते. तिने ते जेवणाऱ्याचं म्हणून पाठ केलं. शिक्षणशास्त्राच्या पदवीत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ग्रॅहमने टाळ्या वाजवल्या. कॅरलने वाजवल्या नाहीत. ती हातातला घास तसाच धरून बसली होती. मग मला म्हणाली, "तुम्ही ऐकलंत ना? सिलँट्रो म्हणाल्या त्या." मी हो म्हणाले. ती म्हणाली की घरात दुसऱ्या कुणाच्या तोंडून हा शब्द ऐकल्याला किती वर्षं झाली ते तिला आठवत नाही, तिची आई गेल्यापासून तर नाहीच. तिचे डोळे भरले. तिखटामुळे असेल असं म्हणून टेसाने तिला पाणी दिलं. मी मूर्ख असले तरी इतकी नाही, मला कळलं की तिखटामुळे नव्हतं.

तिखटामुळे जे व्हायचं ते ग्रॅहमला झालं. त्याने नानांच्या आग्रहाला मान देऊन भरताबरोबर ठेचाही दोनदा घेतला, वर भाकरी, वर पुन्हा भरीत. नाना कौतुकाने म्हणाले, "पाह्यनं आपल्यातलं आहे." पाहुणा परतीच्या गाडीत खिडकीबाहेर तोंड काढून बसला होता.

शनिवार, लालबाग

सकाळी ग्रॅहम उठलाच नाही. पोट धरून भिंतीकडे तोंड करून पडला होता. निखिल आणि टेसा औषध आणायला गेले. रमेशराव दाराशी उभं राहून त्याला हिंदीत धीर देत होते, ज्याचा रोग्यावर काही परिणाम दिसत नव्हता.

सुधाने चुलीवर, म्हणजे गॅसवर, तिच्या घरचा उपाय चढवला. रव्याची पातळ लापशी: चमचाभर रवा तुपावर जेमतेम परतायचा, दूध-पाणी, चिमूटभर मीठ, जराशी साखर. या घरात ताप असो, पोट असो, परीक्षा असो, लापशीच. तिने वाटी भरून ग्रॅहमपुढे नेली. त्याने एका डोळ्याने आत पाहिलं आणि इतका दीनवाणा झाला की मला वाटलं डॉक्टर बोलवावा.

"सेमोलिना," तो म्हणाला. मग मला क्षीण आवाजात सांगितलं की लहानपणी शाळेत दुपारच्या जेवणात हे बळजबरीने भरवायचे, आणि त्याने मोठेपणी शपथ घेतली होती की हे घरात येणार नाही. तो पुन्हा भिंतीकडे वळला.

सुधा वाटी घेऊन स्वयंपाकघरात परत आली. कॅरल तिथे टेबलाशी बसली होती. वाटी तिच्यासमोरून जाताना वाफ तिच्याकडे गेली आणि तिने हात पुढे केला. चमचा घातला, चाखला. "फरीना," ती म्हणाली. सुधाकडे बघून पुन्हा म्हणाली, "फरीना. माय मदर." मग ती अख्खी वाटी खात बसली, सावकाश, लहान मुलासारखी तळ खरवडत. तिने लग्नानंतर हे कधीच केलं नव्हतं, कारण घरात शपथ होती.

सुधा तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसली. मी ओट्याशी होते. तिने रव्याचा डबा उचलून टेबलावर ठेवला.

"निखिल," ती म्हणाली. "फीव्हर. नो टेल."

कॅरलचा चमचा थांबला.

"ओन्ली स्लीप. नो ईट. टायफॉइड. थ्री मंथ. नो टेल मी."

कॅरलने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले, सगळं वाक्य नीट जुळवून सांगायला तोंड उघडलं.

"तू थांब, ताई," सुधा म्हणाली. माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. तिने डब्यावर बोट टेकवलं. "फरीना. निखिल ईट. यू मेक. ही नो टेल, यू मेक."

कॅरलने वाटी बाजूला सरकवली आणि सुधाचं मनगट धरलं. ती हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलली, कुणाला तरी खूप दूरवर ऐकू जायला हवं तसं. तो सांगणार नाही, मला कळलं. मी त्याचा चेहरा बघेन. दर रविवारी. मग म्हणाली, "हाउ मच?" आणि डब्याकडे खूण केली.

सुधाने चिमूट, मूठ, पेला असं हाताने दाखवायला सुरुवात केली. कॅरलने पर्समधून पेन काढलं आणि रमेशरावांच्या पेपराच्या कोपऱ्यावर लिहायला लागली. मीठ दाखवताना सुधाने बोटं इतकी जवळ आणली की कॅरलला हसू आलं, आणि मग सुधाही हसली. तीन दिवसांच्या शिकवणीत ती एकदाही अशी हसली नव्हती. मला फार बरं वाटलं आणि थोडा रागही आला, कारण त्या खोलीत आता माझं काहीच काम उरलं नव्हतं.

आतून ग्रॅहमचा आवाज आला, नुसता टोस्ट मिळेल का. दोघींपैकी एकीचंही लक्ष नव्हतं. मी ब्रेड शोधायला वळले.